पाचवं बेट

मल्लिकार्जुन सरांचा फोन आला तेव्हा तनुजा नांदेडच्या आपल्या ऑफिसात एका हळद कारखान्याचे वार्षिक फॉर्म भरत बसली होती. कंपनी सेक्रेटरी म्हणून तिची बारा वर्षं अशाच फॉर्मांत गेली होती. सरांचा आवाज तिनं पहिल्याच शब्दाला ओळखला. लातूरला बारावीत असताना याच आवाजानं तिला फिजिक्स शिकवलं होतं. परीक्षेच्या तोंडावर टायफॉइड झाला, तर सरांच्या घरून महिनाभर तिला मऊ भाताचा डबा येत होता.

“तनुजा, एक काम हाय बेटा. क्रिप्टोच्या धंद्याला परदेशात परवाना लागतो म्हणे. केमन, ब्रिटिश व्हर्जिन बेटं, मॉरिशस, सेशेल्स. कुठं काय नियम, ते एका तक्त्यात मांडून दे.”

फिजिक्सच्या सरांना त्या बेटांशी काय देणंघेणं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्या डब्याची आठवण आडवी आली. “करते सर,” ती म्हणाली.

आठ दिवस ती चारही ठिकाणचे कायदे वाचत होती. केमनमध्ये लोकांची क्रिप्टो नाणी सांभाळायची किंवा खरेदी-विक्रीचं व्यासपीठ चालवायचं तर पूर्ण परवाना हवा, बाकीच्यांना नोंदणी पुरते. व्हर्जिन बेटांवर नोंदणीच, पण तीही कसून छाननी झाल्यावर. मॉरिशसला आणि सेशेल्सला तिथं खरंखुरं ऑफिस लागतं, नुसती पाटी चालत नाही. एक गोष्ट मात्र चारही ठिकाणी सारखी होती: कंपनी काढली म्हणजे परवाना मिळाला, असं होत नाही. ही ओळ तिनं तक्त्याच्या अगदी वर, लाल अक्षरांत घातली.

मग सरांचे फोन सुरू झाले.

“मालकाचं नाव बाहेर कुणाला दिसत न्हाई, असं यातलं कुठं हाय?”

दोन दिवसांनी पुन्हा. “दुसऱ्या देशाच्या पोलिसांनी पत्र धाडलं, तर उत्तर द्यायला कोण जास्त दिवस लावतं?”

तनुजाला प्रश्नांपेक्षा सरांचं बोलणं खटकलं. ते अडखळत होते, मध्येच कागद फडफडल्याचा आवाज येत होता. वर्गात कधी वही उघडून न शिकवणारा माणूस आता कागदावरून वाचून दाखवत होता. तो कागद कुणी लिहून दिला होता?

तिनं आईला सांगितलं. इंदूताई तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, माणसं पारखायची सवय अजून गेलेली नव्हती. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “दुकान टाकणारा गिऱ्हाईक कुठून येईल ते आधी बघतो. मागचं दार कुठंय, असं आधी विचारणाऱ्याला दुकान टाकायचंच नसतं.”

तरीही तनुजानं तक्ता पूर्ण केला, फाईलला पासवर्ड घातला, ती सरांना पाठवली आणि पासवर्ड त्यांना फोनवर सांगितला. जे खरं ते लिहिलंय, मग आपल्याला कसली भीती, असं तिनं स्वतःला समजावलं.

शनिवारी लातूरहून वैष्णवीनं, तिच्या बारावीतल्या मैत्रिणीनं, व्हॉट्सअ‍ॅपवर एक निमंत्रण पाठवलं. रविवारी अकरा वाजता, मल्लिकार्जुन सरांचा क्लास. ‘परदेशी परवाना असलेलं आपल्या मराठवाड्याचं पहिलं क्रिप्टो एक्स्चेंज.’ खाली ठळक अक्षरांत: कायदेशीर सल्लागार, तनुजा. वैष्णवीनं विचारलं होतं, “तू सांगितलीच न्हाई गं?”

रविवारी पहिल्या एसटीनं तनुजा निघाली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, तिनं खिडकीबाहेर पाहिलंसुद्धा नाही. क्लासमध्ये शंभरेक खुर्च्या मांडल्या होत्या, निम्म्या भरल्याही होत्या. शिक्षक, डॉक्टर, जुन्या विद्यार्थ्यांचे आईवडील. समोरच्या पडद्यावर तिचा तक्ता झळकत होता. खाली तिचं नाव आणि कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेतला तिचा सभासद क्रमांक होता. वरची लाल ओळ मात्र नव्हती.

ती तडक सरांच्या खोलीत गेली. “सर, लाल ओळ कुणी काढली?”

“श्रीनाथनं जरा सुटसुटीत केलंय. एक्स्चेंजचं सगळं तोच बघतो.” सर हसले. श्रीनाथ म्हणजे सरांचाच विद्यार्थी, मूळचा बिलोलीचा, आता दुबईत. “तू आधी हे बघ. आला आपला परवाना.” त्यांनी चौकट केलेलं प्रमाणपत्र पुढे केलं.

तनुजानं ते दोनदा वाचलं. तिनं तपासलेल्या चारपैकी कुठल्याच बेटाचं ते नव्हतं. पाचवंच बेट होतं. आणि तारीख होती तीन महिन्यांपूर्वीची, म्हणजे सरांनी तिला पहिला फोन केला त्याच्याही कितीतरी आधीची. मग तिचा तक्ता हवा होता तो फक्त खालच्या नावासाठी?

“सर, हा कंपनीचा जन्मदाखला आहे. परवाना नाही. आणि संचालक म्हणून एकट्या तुमचं नाव आहे. श्रीनाथ कुठंय यात?”

सरांचं हसू विरलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि तिच्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं. “तुला कुणी पाठवलं? त्या समोरच्या क्लासवाल्यांनी?”

तनुजाला कानफटात बसल्यासारखं झालं. इतके दिवस ती सरांवर संशय घेत होती, आता सर तिच्यावर घेत होते. ती कशीबशी म्हणाली, “मला नका विचारू. श्रीनाथला परवान्याचा क्रमांक मागा. परवाने देणाऱ्या तिथल्या नियामकाच्या यादीत मी तुमच्यासमोर शोधते.”

सरांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“नंबर सोमवारी येऊन राहिलाय सर,” श्रीनाथ म्हणाला. “आज गुंतवणुकीच्या फॉर्मवर लोकांच्या सह्या तेवढ्या होऊ द्या.” मग जरा थांबून, “शेजारी तनुजा मॅडम बसल्यात का? त्यांना सांगा, तक्त्यावर नाव त्यांचं हाय, कंपनीवर तुमचं. माझं कुठंच न्हाई. जरा जपून बोला म्हणावं.”

फोन बंद झाला. सर बाहेर गेले आणि त्यांनी पडदा बंद केला.

“जे मला समजलं न्हाई ते मी आजवर कधी शिकवलं न्हाई,” ते लोकांना म्हणाले. “हे मला समजलेलं न्हाई. कुणी सही करू नका. घरी जा.”

कुणी चिडलं, कुणी कुजबुजलं की एकट्याला फायदा लाटायचा असेल. वैष्णवीचे वडील तर तोंडावर बोलले. सर खाली मान घालून खुर्च्या उचलत राहिले.

दुपारी दोघं सायबर पोलिसांकडे गेले. आधी सरांनी तक्रार लिहून दिली: श्रीनाथनं फसवलं, कागद न वाचता सह्या केल्या. मग तक्त्यातली लाल ओळ गायब झाल्याचं तनुजानं सांगितलं, तेव्हा अधिकाऱ्यानं तिला विचारलं, “मॅडम, तुमची मूळ फाईल कुणाकुणाकडं होती? उघडायला पासवर्ड लागत होता म्हणता.”

तनुजानं सरांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. त्यांनी पासवर्ड श्रीनाथला दिला असेल, की ती ओळ स्वतःच काढली असेल? लाल ओळ त्यांनी वाचली नसेल, असं होणं शक्य होतं का?

“फक्त सरांकडं,” ती म्हणाली. “पासवर्डही मी त्यांनाच सांगितला होता.”

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. तिनं जबाब वाचला आणि प्रत्येक पानावर सही केली.