ठिपक्याची जागा

"ठिपकाच ना? मग लाव एक आणि दे पाठवून," विपुलची बायको दक्षा म्हणाली. "एवढा काय विचार करत बसलायस?"

परत आलेल्या खोक्याची चिकटपट्टी विपुलने पात्याने सरळ रेषेत कापली, वर्तमानपत्राचे बोळे एकेक करून बाजूला काढले आणि आतले पितळी होकायंत्र दोन्ही हातांनी उचलून खिडकीपाशी नेले. काचेवर डाग म्हणून नव्हता. पाठवताना ती जशी होती तशीच परत आली होती, आणि आक्षेप नेमका त्यालाच होता.

नागपूरच्या खरेदीदाराने परतीच्या अर्जात कारण निवडले होते, 'वस्तू वर्णनाशी जुळत नाही'. खाली त्याने लिहिले होते: "लिलावाच्या फोटोत काचेच्या डाव्या कडेला लाल ठिपका दिसतो. मी बोली लावली ती त्या ठिपक्यासाठी. नुसती पितळी होकायंत्रे नवीसुद्धा मिळतात. ज्या माणसाने तो ठिपका लावला त्यानेच तो पुन्हा लावून दिला आणि तसा फोटो आला, तर मी अर्ज मागे घेईन." उत्तराची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत होती.

"त्याला नागपुरात बसून काय कळणार कोणी लावला ते?" दक्षाने विचारले.

"त्याला नाही कळणार."

"मग?"

डहाणूतल्या एका फुग्यांच्या कारखान्यात विपुलने बावीस वर्षे तपासनिसाचे काम केले होते. फुगवलेला नमुना दिव्यासमोर धरायचा, फिरवायचा आणि त्यावर ठिपका दिसला की तो खालच्या टोपलीत टाकायचा, हे ते काम. कारखाना बंद झाल्यावर तो जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावात विकू लागला. बागायतदारांच्या बंगल्यांतली घड्याळे, तलासरीच्या बाजारात सापडलेले कंदील, भंगारात निघालेली वजने. प्रत्येक वस्तूचे वर्णन तो तपासनिसाच्याच नजरेने लिही. 'उजव्या कडीजवळ केसाएवढी चीर. फोटो क्रमांक पाच पाहावा.' सांगितलेला दोष हा दोष राहत नाही, तो वस्तूचा गुण होतो, असे त्याचे मत होते आणि त्यावर तो कोणाशीही वाद घालायला तयार असे. चारशे बारा वस्तू त्याने अशा विकल्या होत्या.

होकायंत्राचे फोटो त्याने नेहमीप्रमाणे साफ करण्यापूर्वी काढले. वर्णनात ठिपक्याचीही नोंद केली: 'काचेवर लाल ठिपका, बहुधा तैलरंगाचा.' लिलाव संपल्यावर स्पिरिट आणि कापूस घेऊन तो बसला, आणि बावीस वर्षे ठिपके वेचून काढलेल्या हाताने समोर आलेला ठिपका पुसून टाकला. पुसल्याचे त्याला आठवतही नव्हते.

वर्षभरात त्याच्या नावावर 'आक्षेप मान्य'चे दोन शिक्के आधीच पडले होते. एका बरणीला वाटेत तडा गेला होता, आणि एक रेडिओ इथे वाजत असूनही तिकडे वाजला नव्हता. तिसऱ्या शिक्क्याला लिलावाचे खाते कायमचे बंद होई. त्याच नावाने दुसरे उघडता येत नसे. एकोणपन्नासाव्या वर्षी तिसरा धंदा शोधण्याची वेळ येणार की नाही, हे त्या ठिपक्यावर अवलंबून होते.

"अण्णांकडे जाऊन येतो," तो म्हणाला आणि स्कूटर काढली.

अण्णा वाढवणचे. चाळीस वर्षे स्वतःच्या मासेमारी बोटीवर तांडेल होते, बोट तेच हाकत. होकायंत्र विपुलने त्यांच्याकडूनच तीन महिन्यांपूर्वी घेतले होते. तो पोहोचला तेव्हा चार वाजले होते आणि अण्णा दाराच्या चौकटीला आरसा टांगून दाढी करत होते. अर्ध्या चेहऱ्याला फेस होता. पायरीवर त्यांची बायको हिरकणी सुकट निवडत होती.

"ये," अण्णा आरशातूनच म्हणाले. "सहाला बंदराच्या विरोधाची सभा हाय. म्हणून ही दुपारची दाढी."

"सभेत कोण बघतंय तुमची दाढी?" हिरकणी म्हणाली. "मागच्या टायमाला बोलायला उभे राहिले आन् भाषण विसरले."

"विसरलो न्हाय. माइक बंद पडला."

विपुलने खोके उघडून होकायंत्र पुढे केले. "अण्णा, हा तुमचा होका."

अण्णांनी वस्तरा खाली ठेवला, हात पुसले, होका उलटसुलट केला आणि परत दिला. "हा माझा न्हाय."

"तुमचाच आहे. इथूनच तर नेला मी."

"माझा काळा होता. हा समईसारखा चकाकतोय."

"घासलाय त्यानं," हिरकणी म्हणाली. "तुमाला असं घासलं तर तुमीपण वळखू याचे न्हाय."

विपुलने झालेला प्रकार क्रमाने सांगितला: ठिपका, कापूस, नागपूर, सहाची मुदत. खाते बंद होईल हेही सांगितले. सांगताना त्याने स्वतःची बाजू घेतली नाही. अण्णा ऐकत राहिले. गालावरचा फेस सुकत चालला.

"तो ठिपका तुम्हीच लावला होता ना?" विपुलने शेवटी विचारले.

"रंग हिचा. जागा माझी."

"म्हणजे?"

"दर्यातनं येताना देवळाचं शिखर नाकासमोर धरलं," अण्णांनी हात पुढे करून दाखवले. "बोट सरळ झाली तसं काट्याचं टोक काचेखाली कुठं येतंय ते बघितलं. बोटाला तंबाखूचा चुना होता, तो तिथंच टेकवला. घरी आणला तवा हिनं चुन्यावर रंग भरला. माझ्या बोटांना दोराच्या चिरा. बारीक काम कुठलं जमतंय. मग धुकं पडू दे न्हायतर काळोख होऊ दे. टोक ठिपक्याखाली धरायचं, की खडकांमधनं वाट सरळ दारात."

"नेलपॉलिश होती ती," हिरकणी म्हणाली. "माझ्या भावाच्या लग्नात आणलेली."

आपल्या वर्णनात 'तैलरंग' ही चूक होती, याची विपुलने मनात नोंद केली. मग त्याच्या ध्यानात आले, की ज्या माणसाने ठिपका लावला ते माणूस त्याच्यासमोर सुकट निवडत बसले आहे. खरेदीदाराची अट अक्षरशः पुरी होत होती.

"काकी, पुन्हा लावून द्याल?"

"त्यात काय? नातीची बाटली हाय घरात." ती उठली, हात धुऊन आली आणि तिने बाटलीचे झाकण फिरवले. विपुलने फोनवर जुना फोटो मोठा करून धरला.

"हिथं," हिरकणी म्हणाली.

"न्हाय. जरा वर," अण्णा म्हणाले.

"फोटोत बघा की. ह्या खिळ्याच्या समोर हाय."

"फोटो तिरपा हाय. काय रे, सरळ वरनं काढायला काय झालतं?"

"वरून काढला की काचेत खिडकी दिसते," विपुल म्हणाला. "म्हणून काचेच्या वस्तूंचे मी तिरपेच काढतो."

"झालं. म्हणजे खिळ्याच्या समोर दिसतो, पण असतो दुसरीकडं."

"अवो, दाणाभर इकडं-तिकडं. तेवढ्यानं काय होतंय?"

"दाणाभर सरकला की बोट खडकावर."

"आता कोण दर्यात चाललंय हा घेऊन? तो नागपूरवाला कपाटात ठेवणार, शोभेला."

"मग त्याला ठिपका कशाला पायजे?"

ब्रश बाटलीच्या तोंडाशी तसाच धरून हिरकणी थांबली.

"दुसऱ्या कुणाच्या बोटीतून जाऊन खूण आणता येईल?" विपुलने विचारले. प्रश्न निरर्थक आहे हे विचारतानाच त्याला जाणवले. सहाला अजून दीड तास होता.

"प्रत्येक बोटीचं इंजिन काट्याला आपल्याकडं वढतं," अण्णा म्हणाले. "माझ्या बोटीतली जागा माझ्याच बोटीत मिळायची. ती तर फोडली. फळ्या गेल्या, इंजिन गेलं. आता ती जागा कुठंच न्हाय."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. मग ते आरशाकडे वळले.

"पण पोराचं काम अडलंय की हो," हिरकणी म्हणाली. "लावू का नको, तेवढं बोला."

"लाव. हात तुझाच हाय, त्यात खोटं काय न्हाय." अण्णांनी सुकलेल्या फेसावर पाणी लावले. "फक्त जागा अण्णानं दावली असं तेवढं लिहू नको रे."

हिरकणीने ब्रश काचेवर आणला. टोकाशी लाल थेंब जमला होता. विपुलने फोटोसाठी फोन उचलला आणि फोटोखाली लिहायचे वाक्य मनाशी जुळवले: 'ठिपका त्याच हाताने पुन्हा लावलेला, जागा अंदाजाची.' पहिल्या अर्ध्यावर काम होत होते. खरेदीदाराने तेवढेच मागितले होते. दुसरे अर्धे लिहिले तर ठिपक्याला अर्थच उरत नव्हता आणि अर्ज मागे घेतला जाणार नव्हता; न लिहिले तर ते कोणालाही कधीही कळणार नव्हते. स्वल्पविरामाशी वाक्य तोडले की पुरे होते.

चारशे बारा वर्णनांत त्याने वाक्य असे कुठे तोडले आहे का, हे तो आठवू लागला. एकही आठवले नाही.

"राहू द्या, काकी."

"का रे?"

"राहू द्या."

होकायंत्र खोक्यात ठेवून तो पायरीवर बसला आणि फोनवर अर्ज उघडला. 'खरेदीदाराचा आक्षेप मान्य आहे का?' त्याने 'मान्य' निवडले. 'कारण लिहा.' त्याने लिहिले: "फोटोत असलेला ठिपका विक्रेत्याने पुसला. तो लावणारा हात सापडला. जागा सापडली नाही." ऱ्हस्वदीर्घ एकदा तपासले आणि पाठवले. थोडा वेळ पडदा कोरा राहिला. मग खाते बंद झाल्याची सूचना आली, आणि त्याने ती शेवटपर्यंत वाचली.

"झालं काम?" अण्णांनी आरशातून विचारले.

"झालं."

"मग चहा घेऊन जा."

हिरकणी मात्र चहा ठेवायला उठली नाही. ब्रशच्या टोकाशी थेंब अजून तसाच होता. बाटलीत परत घातला असता तरी चालले असते. तिने आजूबाजूला एकदा पाहिले आणि डाव्या करंगळीच्या नखावर तो हलकेच पसरला, कडेला जराही न लागू देता. सुकटीच्या वासाचा तो हात मग तिने गुडघ्यापुढे लांब केला आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात वाळण्यासाठी तसाच धरून बसली.