विठाबाईच्या अंगठ्याची लढाई

सिन्नरला विड्या वळणाऱ्यांच्या गल्लीत विठाबाई आणि पुंजाराम भांडायला लागले, की गल्लीतली कुत्री शेपूट घालून थेट मुसळगावला मुक्कामाला जायची. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीआधी जी गेली, ती तर परत आलीच नाहीत म्हणतात. कारण ते भांडण कर्जाचं होतं.

पुंजाराम कारखान्यावर वॉचमन. त्याचं देणं झुंबरशेठ सावकाराचं, किराणावाल्याचं, सायकलवाल्याचं. विठाबाईचं देणं गल्लीतल्या बायांचं. कुणाकडून पोराच्या जावळाला घेतलेले, कुणाकडून छपराच्या पत्र्याला. तिचं गणित सोपं. उजव्या अंगठ्यानं विड्या वळायच्या, मजुरी आली की बायांना थोडं थोडं वाटायचं.

मग झुंबरशेठनं पुंजारामाच्या कानात फुंकर घातली. "सगळ्यांची देणी मी फेडतो. तुझी, तुझ्या बायकोची. तुम्ही फक्त माझं द्या. कागदावर दोघांचे अंगठे उठवा, बस."

पुंजाराम नाचतच घरी आला. "इठे, एकच देणं, एकच दार! रोज पाच जणांची तोंडं चुकवत कुठवर फिरायचं?"

"आवं, पाच कुत्री मागं लागली तर आपसात तरी भांडत्यात," विठाबाई म्हणाली. "एकटा लांडगा सरळ नरडं धरतो. माझा अंगठा नाय मिळायचा."

"नवऱ्यापेक्षा अंगठा मोठा झाला का?"

"नवरा कमवतो तेवढं पितो. अंगठा पीत नाय."

झालं! पुंजारामानं तांब्या भिरकावला, तिनं सूप हाणलं. त्याचं कपाळ फुटलं, तिचा ओठ. तांब्या भिंतीत असा रुतला की पुढं त्यात चिमणीनं दोनदा पिल्लं काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरशेठ कागद घेऊन दारात. सोबत कोंडाजी पैलवान. हा कोंडाजी असा, की दारातून आत यायचा तर चौकट आधी अंग चोरायची.

"बाई, ऊठ. अंगठा दे," शेठ म्हणाला.

"नाय देत."

कोंडाजीनं तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला जमिनीवरून फरफटत ओढलं. शाईत अंगठा बुडवायला गेला तर विठाबाईनं मूठच आवळली. त्यानं एकेक बोट उलगडलं. अंगठा मागं वाकवला. अजून वाकवला. तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. हा मोडला की विडी गेली, विडी गेली की चूल गेली.

पुंजाराम कोपऱ्यात थिजलेला. "शेठ, सोडा ना... समजावतो मी तिला..." शेठनं त्याच्या छातीत लाथ घातली.

तेव्हा विठाबाईनं हाक मारली. वाचवा-बिचवा काही नाही. मदतीला कोण येतंय सकाळच्या घाईत? ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "भागे! चिमणे! नवसे! माझा अंगठा मोडतोय गं! तुमचे पैसे बुडाले!"

गल्लीतल्या चुली एकदम ओस पडल्या. भागुबाई मुसळ घेऊन, चिमणाबाई धुण्याची मोगरी घेऊन, नवसाबाई पानं कापायची कात्री घेऊन.

"शेठ देणारे तुमचं," कोंडाजी हसत म्हणाला.

"शेठ देणार आणि गाढवाला शिंगं येणार!" म्हणत भागुबाईनं मुसळ घातलं. कोंडाजीच्या गुडघ्याचा आवाज वावीपर्यंत ऐकू गेला. तो वाकला तशी मोगरी तोंडावर बसली आणि दात उडाले; एक तर पत्रा भोकसून पार गेला. तरी मेला अंगठा सोडीना. कडकन आवाज झाला आणि विठाबाई किंचाळली.

ते ऐकून पुंजाराम उठला. उभ्या जन्मात ज्यानं उंदीर मारला नव्हता, त्यानं कोंडाजीच्या पाठीवर उडी मारून कान असा चावला की अर्धा तोंडातच राहिला. पैलवान बोंबलत पळाला. शेठला नवसाबाईनं कात्रीच्या टोकानं भिंतीला लावला.

"माझं मुद्दल तरी द्या गं," शेठ रडकुंडीला आला. धोतर रक्तानं भरलेलं.

भागुबाईला नुकतीच भिशी लागली होती. ती विठाबाईकडं वळली. "बोल. नवऱ्याचं देणं तुझ्या देण्यात घालायचं का? का ह्याला ह्या शेठसंगंच सोडायचा?"

विठाबाई सुजलेला हात छातीशी धरून नवऱ्याकडं बघत राहिली. कपाळ फुटलेलं, तोंड लाल. कालचा तांब्या ती विसरली नव्हती.

"थू आधी तो कान," ती म्हणाली. तो थुंकला. "घाल गं भागे. दोघांचं एकच कर. पण देणं बायांचं. ह्याचा पगार तुझ्या हातात येईल, ह्याच्या नाय."

मुद्दल भागुबाईनं दिलं. व्याज चिमणाबाईनं मोगरीनं दिलं, चक्रवाढीसकट. कागद शेठला चावून गिळायला लावला.

हाडवैद्यानं अंगठा बांधला, पण दिवाळी होईपर्यंत विडीला शिवायचं नाही म्हणाला. मग दुपारी पाळी सुटली की विड्यांच्या पानांचं सूप पुंजारामाच्या मांडीवर. त्याची पहिली विडी करंगळीसारखी वाकडी झाली. भागुबाईनं ती मोडून त्याच्या तोंडावर मारली.

"हप्ता ह्याच्यावर फिटणार व्हय? पुन्हा वळ."

"आगं पण पाठ दुखतीय..."

मुसळ दाराशीच टेकलेलं होतं. पुंजारामानं गुपचूप दुसरं पान घेतलं.