वीस मुंग्यांची बरणी

सुधीर गुप्ते भिवंडीच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि फावल्या वेळात एम.फिल. करत. पाच वर्षं करत होते. तेवढ्यात लोकांची पोरं पाळण्यातून उठून शाळेत जायला लागतात; गुप्ते सरांचा प्रबंध अजून रांगतच होता. विषय मात्र भारदस्त : वसाहतीचा आकार आणि मुंग्यांचं तगून राहणं. ८८ सालच्या जूनपर्यंत प्रबंध झाला तर कॉलेजात लेक्चररची जागा नक्की होती. नाही झाला तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती. सरांना रात्रंदिवस तीच जागा दिसे.

सरांचं म्हणणं साधं होतं. मोठी वसाहत टिकते, लहान मरते. ते सिद्ध करायला त्यांनी तीन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत वीस मुंग्या, दुसरीत दोनशे, तिसरीत दोन हजार आणि प्रत्येकीत एक राणी. चाळीस दिवस नुसतं पाणी द्यायचं, अन्न नाही. मग कोण उरलं ते मोजायचं. दुसऱ्याच्या उपासावर पदवी मिळवायची रीत विद्वानांत जुनीच आहे.

सरांच्या बायकोने, माधवीवहिनींनी, बरण्या पहिल्याच दिवशी दाराबाहेर ठेवल्या. तेव्हा भिवंडीतल्याच निजामपुऱ्यात नूर मोहम्मद फकीहांच्या लूम कारखान्यातली मागची खोली मिळाली. नूरभाईंचं घर बत्तीस माणसांचं, चूल एक. "नूरभाई, तुम्ही म्हणजे माझी तिसरी बरणी," असं सर येता-जाता म्हणत आणि नूरभाई हसून चहा मागवत.

खोली झाडायला जवळच्या अंजूर गावाहून गुणाबाई येई. "बरण्यांना हात लावायचा नाही," सरांनी तिला बजावलं. "फार मोठं काम चाललंय." गुणाबाईने मान हलवली. मान हलवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे सात वर्षं वर्गात उभं राहूनही सरांना कळलं नव्हतं.

सर दर रविवारी मोजायला येत. तिसऱ्या रविवारी मोठ्या बरणीत मेलेल्यांचा ढीग दिसला. चाळिसाव्या दिवशी दोन हजारांतली एकही हलत नव्हती. दोनशेंचीही तीच गत. आणि वीसवाल्या बरणीत मुंग्या होत्या एकतीस.

उपाशी घरात पाळणा हलायला लागला की शेजारीण आधी पिठाच्या डब्यात डोकावते. सर डोकावले नाहीत. ते शिकलेले होते. त्यांनी बसल्या जागी सिद्धांत उलटा केला. मोठ्या घरात ऐतखाऊ फार, लहान घर शिस्तीचं आणि काटकसरी, म्हणून लहान तेच टिकतं. एकतीसचा आकडा त्यांनी संयमाच्या खात्यात टाकला.

"मलाच बघा ना, नूरभाई," ते म्हणाले. "ना भाऊ, ना चुलता, ना कुणाची शिफारशीची चिठ्ठी. एकटा आलो आणि एकटा टिकलो."

नूरभाईंनी याही वेळी चहा मागवला, पण हसले नाहीत.

पुढच्या शनिवारी सरांचे गाइड, डॉक्टर श्रीनाथ प्रधान, बरण्या बघायला आले. लूमच्या खडखडाटात घसा ताणून सरांनी नवा सिद्धांत सांगितला. डॉक्टर खूष दिसले. त्यांनी सही करायला पेनसुद्धा काढलं. तेवढ्यात गुणाबाई आत आली. कुणाकडे न बघता तिने वीसवाल्या बरणीवरचं फडकं उचललं, पदराची गाठ सोडली आणि चिमूटभर काहीतरी आत टाकलं.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पीठसाखर हाय, साहेब. शनवार हाय ना आज. दर शनवारी घालते."

"तुला हात लावू नको म्हटलं होतं," सर कसेबसे म्हणाले.

"बरनीला कुठं लावला, मास्तर? फडकंच उचलते."

"तिन्ही बरण्यांत घालतेस?" डॉक्टर.

"न्हाय. मोठ्या घरात एवढी हायेत, ती एकमेकांचं बघतील. या इसांना कोन हाय?"

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं. "गुप्ते, प्रयोग चांगला झालाय. फक्त तो तुम्ही केलेला नाही." फाइल सरांच्या हातात देऊन ते निघून गेले. जून तीन आठवड्यांवर होता. लेक्चररची जागा त्यांच्यामागोमाग गल्लीबाहेर गेली.

सरांचा राग मग मिळेल त्यावर निघाला, आणि मिळाली गुणाबाई. "हिला आजच काढा, नूरभाई. पाच वर्षं स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं या बाईने मातीत घातलं."

नूरभाई दारातल्या स्टुलावर बसले. त्यांना हे बोलायचं नव्हतं.

"सर, एक्क्याऐंशी साली शाळेच्या कमिटीपुढे पाच अर्ज होते. चौघांच्या मागं माणसं होती. माझे अब्बा कमिटीत. ते म्हणाले, या पाचव्या पोराचं कोणी नाही, यालाच घ्या. तुम्हाला सांगू नका, असंही म्हणाले होते."

सात वर्षं शाळेतल्या ज्या टेबलावर कोपर टेकून सर स्वतःच्या हिमतीच्या गोष्टी सांगत आले, ते टेबल कुणी आणून ठेवलं, हे त्यांना आज कळत होतं.

गुणाबाईने केरसुणी भिंतीला टेकवली. "मास्तर, फुडल्या शनवारी घालू का नको?"

सर बरणीवर वाकले. मुंग्या पिठाचे कण ओढत राणीकडे निघाल्या होत्या. कुणी घातलं, याची चौकशी त्यांच्यातली एकही करत नव्हती.

"घाल," सर म्हणाले.