सनावळी सरांच्या चार सहली

दगडी कुऱ्हाडींच्या कपाटासमोर सर रंगात येऊन बोलत होते आणि मागे भूगोलाच्या बाई भराभर काहीतरी लिहून घेत होत्या. मुलांनी लिहून घ्यावं हे ठीक, सहकाऱ्याने का लिहावं? सरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे, वस्तुसंग्रहालयात, वर्षाच्या पहिल्याच सहलीत.

सर सामाजिक शास्त्रांचे विभागप्रमुख. विभाग म्हणजे तीन माणसं, नकाशांचं एक कपाट आणि वर्षाला चार सहली. शाळेत सगळे त्यांना सनावळी सर म्हणत, कारण कुठलाही सन विचारा, उत्तर तोंडपाठ. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती याच खुर्चीत काढायची, एवढीच त्यांची इच्छा होती. बाईंना येऊन तीन वर्षं झाली होती. हुशार होत्या, मुलं सारखी त्यांच्या मागेमागे असत, आणि नेमकं तेच सरांना खुपत होतं.

दुसरी सहल नदीवरच्या जुन्या पुलाची. पुलाचा इतिहास सांगून सर खाली उतरले, तर बाई मुलींच्या घोळक्यात हळू आवाजात काही सांगत होत्या. सर जवळ जाताच सगळ्या गप्प. तिसरी सहल न्यायालयाची. ती झाल्यावर नागरिकशास्त्राच्या सरांनी आगीत तेल ओतलं. सहलीच्या वह्या हल्ली आधी बाईंच्या टेबलावर जातात, ही बातमी त्यांचीच. वर, आपल्याला काय करायचंय, असंही ते म्हणाले. ज्यांना बरंच काही करायचं असतं तेच असं म्हणतात.

घरी सरांनी बायकोला सगळं ऐकवलं. बाई पुरावे गोळा करतायत, मुख्याध्यापिकांकडे तक्रार जाणार, खुर्ची जाणार. एरवी अशा वेळी बायको त्यांची बाजू घेऊन दोन शब्द जास्तच बोलायची. आज ती मुकाट्याने ताट वाढत राहिली.

"त्या बाई वाईट नाहीत हो," शेवटी ती म्हणाली.

तुला काय माहीत, असं सरांनी विचारलं, तर तिने विषयच बदलला. म्हणजे इथेही पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांची खोली रिकामी झाली, तसा सरांनी बाईंच्या टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. आपल्याच शाळेत चोरासारखं वाटलं आणि त्याचाही राग आला. पहिली वही उघडली. पुलाचं बांधकाम, शाईने, १८९४. शेजारी समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात, १८४९. न्यायालयाच्या पानावर तसंच. दुसऱ्या वहीत तेच, तिसऱ्या वहीत तेच.

बरोबर कोणतं, हे सरांना कुणी सांगावं लागलं नाही. एकोणपन्नास. पंचवीस वर्षं ते एकोणपन्नासच सांगत आले होते. चौऱ्याण्णव आपण कधी म्हणालो, ते मात्र काही केल्या आठवेना.

वह्या न्यायला आलेली वर्गप्रमुख मुलगी दारात थबकली. सरांनी तिला पेन्सिलीबद्दल विचारलं, तशी ती बावरली.

"बाईंनी सांगितलंय, सर. परीक्षेत पेन्सिलीतलं लिहायचं. पण सरांचं खोडायचं नाही."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षापासून."

सर खुर्चीत टेकले. ज्या बाईंवर ते वर्षभर डूख धरून होते, त्या मागच्या वर्षापासून त्यांची पाठ राखत होत्या, आणि घरी बायकोलाही ते ठाऊक होतं. त्यांना लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली.

चौथी सहल बंद पडलेल्या कापडगिरणीची. यंत्रांच्या दालनात मुलं जमिनीवर मांडी घालून बसली, वह्या उघडल्या गेल्या. सर पुढे उभे राहिले. गिरणी सुरू झाली तो सन जिभेवर आला, त्याच्यामागोमाग दुसरा आला, आणि दोन्ही सारखेच खरे वाटले. बाई मागे भिंतीशी उभ्या होत्या.

"बाई, गिरणीचं तुम्ही सांगा," सर म्हणाले.

"सर, गिरणी दरवर्षी तुमची असते."

"आजपासून तुमची." मग ते मुलांकडे वळले. "नीट ऐका. आणि शाईने लिहा."

बाई भिंतीपासून पुढे आल्या. तोवर सर मुलांमधून वाट काढत शेवटच्या रांगेत गेले, गुडघे धरून हळूच खाली बसले आणि शेजारच्या मुलीकडे त्यांनी वहीचं एक कोरं पान मागितलं.