एक खोकला म्हणजे पेट्रोल

बसा पावणं. तुमची गाडी बगूया, पण आधी माझं ऐकून घ्या. मग उद्यमनगरात माझ्याबद्दल कुणी काय सांगितलं तर घोळ नको.

अठ्ठ्याण्णव साली एका अ‍ॅम्बॅसिडरचं बॉनेट माझ्या डोक्यात पडलं आणि माझं नाक गेलं. दिसायला हाय तितंच हाय, पण वास म्हणून येईना. डाक्टर म्हणाला, आतली शीर दुखावलीया, येईल तवा येईल. दुसरा मिस्त्री असता तर गेलं तर गेलं म्हणाला असता. पण मी नाकवाला केरबा. बाकीचे बॉनेट उघडून तासभर डोकं खाजवायचे. मी दारातनंच वास घिऊन सांगायचो, ह्याचा क्लच जळालाय, त्याचं ऑइल गळतंय. ह्या नाकावर माणसं सांगली-मिरजेतनं यायची. ते नाकच गेलं म्हटल्यावर माझ्यात राहिलं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला बोललो न्हाय.

बायकोपास्नं मात्र लपलं न्हाय. स्टोव्हवर दूध करपून काळं झालं आणि मी शेजारी बसून पेपर वाचत हुतो. शालननं पातेलं उतरवलं, माझ्याकडं बगितलं आणि एवढंच विचारलं, "कवापास्नं?" मी म्हणालो, बॉनेटपास्नं.

युक्ती तिनंच काढली. दुपारी डबा घिऊन यायची, गिऱ्हाइकाच्या गाडीत जरा टेकायची आणि खोकायची. एक खोकला म्हणजे पेट्रोल, दोन म्हणजे ऑइल, तीन म्हणजे क्लच. मी नाकपुड्या फुगवून गाडीभोवती हिंडायचो आणि निकाल द्यायचो. वर्षभर कुणाला पत्ता लागला न्हाय.

मग शिरोळचे गणपतराव आले. ऊसवाला माणूस, जुनी मारुती घेतलेली, आणि गाडीत पेट्रोलचा वास. चार गॅरेजं पालथी घालून झालती. एकानं कार्ब्युरेटर बदलला, एकानं पंप, एकानं सीटची कव्हरं. चौथ्यानं डांबराच्या गोळ्या ठेवून दिल्या. वास फक्त जोतिबाच्या डोंगराला जातानाच यायचा. त्यामुळं हा देवाचाच कोप हाय असं त्यांच्या सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, ठरवून टाकलेलं.

"मिस्त्री," गणपतराव म्हणाले, "तुमालाबी सापडलं न्हाय, तर तुमचं नाक नुसतं शोभेचं हाय असं अख्ख्या शिरोळात सांगतो बगा."

मी हात पुसले. म्हणालो, चला जोतिबाला. शालन डबा ठेवून म्हणाली, "मीबी येतो की, दर्शन हुतंय." गाडी मी घेतली, शेजारी गणपतराव, मागं शालन आणि जावयासंगं आलेल्या झुंबरबाई. निघताना गणपतरावांनी टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. देवाला जायचं तर टाकी फुल, अशी त्यांची रीत.

केर्ली गाव सोडलं, डोंगराचा चढ लागला आणि मागनं एक खोकला आला. मी नाक वर केलं. "पेट्रोल." गणपतराव खूश. तवर दुसरा खोकला. "ऑइलबी हाय." तिसरा. "क्लचबी गेलाय." चौथा, पाचवा, सहावा. तिनाच्या पुढं आमचं काय ठरलंच नव्हतं. मग मी सुचंल ते सांगत सुटलो. वायरी जळाल्यात, बॅटरीचं पाणी उकळलंय, मागच्या चाकाचं रबर शिजलंय. गणपतरावांचं तोंड एवढंसं झालं.

"आमाला तर नुसतं पेट्रोलच येतंय," ते म्हणाले.

"तुमचं नाक आणि माझं नाक एक हाय व्हय?" मी म्हणालो.

मला काय ठाऊक, झुंबरबाईंना दमा हाय. खोकत हुती म्हातारी. शालनचा एक खोकला त्यात कुठं बुडाला कळलंच न्हाय.

एवढ्यात झुंबरबाईंनी देवाचा कोप उतरावा म्हणून पिशवीतनं उदबत्ती काढली, आणि मागोमाग काडेपेटी. माझे डोळे रस्त्यावर, नाक तर नावाला. शालननं काडेपेटी हिसकावून घेतली आणि ओरडली, "केरबा, गाडी थांबव!"

मी करकचून ब्रेक मारला. समदे खाली उतरले. गाडी पेटणार हुती ते ऱ्हायलं बाजूला, झुंबरबाईंनी हनुवटीला बोट लावलं. "नवऱ्याचं नाव घेतलंस गं? तेबी एकेरी?"

खरं हुतं त्यांचं. बावीस वर्षांत शालननं माझं नाव एकदाच घेतलं हुतं, लग्नात, उखाण्यात. एरवी मी आपला 'अवो'. झुंबरबाई दगडावर बसल्या. म्हणाल्या, उखाण्यात नीट नाव घे, त्याबिगर मी गाडीत बसत न्हाय.

शालन गाडीला पाठ लावून उभी ऱ्हायली. काडेपेटी मुठीत धरून तिनं सगळ्यांदेखत नाव घेतलं:

"मारुतीच्या टाकीत पेट्रोल काठोकाठ,
केरबारावांच्या मेल्या नाकाला माझ्या नाकाची साथ."

संपलं. भर घाटात नाक कापलं. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं, बॉनेट, दूध, खोकला. गणपतराव बोटांवर मोजाय लागले.

"मग ते चाकाचं रबर?"

"न्हाय शिजलं."

"आणि क्लच?"

"चांगला हाय."

तवर शालन डिकीत डोकं घालून वास घेत हुती. "अवो, हितनं येतोय," म्हणाली. मी खालचा गालिचा उचलला. टाकीत पेट्रोल जायची रबरी नळी वरच्या अंगाला चिरलेली. मग माझं डोकं चाललं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, त्यात चढ, म्हणजे पेट्रोल मागं सरकून त्या चिरेतनं झिरपतंय. गॅरेजात गाडी सपाटीवर आणि टाकी निम्मी, कुणाच्या बापाला सापडणार? जागा तिनं काढली, कारण मी काढलं. काचा उघडून गाडी तशीच माघारी उताराला लावली आणि हितं येऊन नळी बदलली. वास गेला तो गेलाच.

पण घाटात, ती डिकीतनं डोकं काढून 'अवो' म्हणाली तवा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गणपतरावांनी बगितलं. मी म्हणालो, पेट्रोल झोंबलं.

"नाक न्हाय तर झोंबलं कशात?" झुंबरबाई म्हणाल्या.

गणपतरावांनी अख्ख्या शिरोळात सांगितलंच. म्हणाले, केरबाचं नाक लई भारी, आता घरात ऱ्हातंय. तवापास्नं गिऱ्हाईक दारात आलं की आधी वहिनी हायत का विचारतंय.

म्हणून म्हणतो पावणं, गाडी ठिवून जावा आणि सोमवारी या. आज नाकाला सर्दी झालीया, घरात आल्याचा चहा पीत बसलंय.