पुढल्या शिवरात्रीला

हैबतरावाचं तोंड पाहिलं की अजून माझं डोकं फिरतं. पेणजवळच्या माझ्या माहेरचा तो पोलीस पाटील, वर शंकराच्या देवळाचा कारभारी. महाशिवरात्रीची भांग त्याच्याच पडवीत घोटतात आणि गावभर वाटतात. तो स्वतः दोन पेले रिचवतो.

माझा भाऊ काळुराम मिठागरावर राबायचा. चौऱ्याण्णव साली त्याच्या पोटात कॅन्सर निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी पाठवलं. पाण्याचा घोटही ठरत नव्हता. कळ आली की तो गोधडी दातात धरायचा.

शिवरात्रीला घरी प्रसादाची भांग आली. माझी भावजय इंदुबाई हिने ती त्याला थोडी पाजली. संध्याकाळी त्याने पेज मागितली, मीठ कमी म्हणून बायकोला चिडवलं आणि गाढ झोपला. मी आनंदाने रडले.

रोह्याला माझ्या सासरी परतल्यावर मी तिथल्या डॉक्टरांना भांगेचं विचारलं. ते म्हणाले, "काहींना त्याने भूक लागते, ओकारी थांबते. पण मी ते लिहून देऊ शकत नाही."

मग मी पुन्हा माहेरी आले आणि इंदुबाईबरोबर हैबतरावाकडे गेले. उरलेल्या भांगेचा डबा त्याच्या फळीवर समोर दिसत होता.

"तो देवाचा परसाद हाय," तो म्हणाला. "वर्सातून एक दिस. बाकी दिशी ती नशा. मी पोलीस पाटील हाय, गो."

"दादा, त्यांच्या पोटात अन्न नाय," इंदुबाई म्हणाली.

"मग पुढल्या शिवरात्रीला ये."

काळूचे दिवस भरलेत हे त्या मेल्याला पक्कं ठाऊक होतं. शिमग्याच्या आधीच माझा भाऊ गेला, तोही उपाशी, तळमळत.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, एकही शिवेना. मेलेल्याची इच्छा राहिली असेल म्हणून जो तो हात जोडून कबूल करू लागला, मुलाला शिकवू, घर शाकारू. इंदुबाई हैबतरावाकडे वळली.

"दादा, तुमीच सांगा त्यांना. पुढल्या शिवरात्रीला देतो म्हणा."

सगळा गाव त्याच्याकडे बघत राहिला. तो भटजींना म्हणाला, "दर्भाचा कावळा करा. ऊन चढतंय."

माझ्या भावाला गवताचा कावळा शिवला.

तेराव्याला हैबतराव जेवायला पहिल्या पंगतीत बसला. इंदुबाईने त्याच्यापुढचं वाढलेलं पान उचललं.

"पुढल्या वर्सी या," ती म्हणाली.