चौदा खुणांचा साथीदार

तारसप्तक हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते गायनवृंदातल्या लोकांनी ठेवलेलं. तो गायला लागला की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घेत आणि त्याला वाटे, तिकडे वारा फार आहे.

वार्षिक कार्यक्रमातलं शेवटचं एकट्याचं गाणं सोळा वर्षं त्याचंच. ते टिकलं होतं पियानोवाल्यामुळे. तारसप्तक ओळ विसरला की तो बोटांनी वेळ मारून नेई. तारसप्तकाने दोन मात्रा गिळल्या की तोही मुकाट्याने गिळे. यंदा पियानोवाला लेकीकडे राहायला गेला. वृंद चालवणाऱ्या बाईंनी, ज्या एके काळी गणित शिकवत, तारसप्तकाला स्पष्ट सांगितलं की साथीचं तुमचं तुम्ही बघा. गाणं जमलं तर ठीक, नाहीतर मागच्या रांगेत, तुमच्या साडूशेजारी. मागची रांग त्याने एक वेळ गोड मानून घेतली असती. साडूशेजार मात्र जिव्हारी लागला.

म्हणून त्याने लॅपटॉपमध्ये प्लगइन घातलं, म्हणजे गाणं ऐकून पियानोची साथ करणारा एक जोडप्रोग्राम. त्याने कसं वागावं हे ठरवायच्या, प्रेफरन्सेसच्या पानावर चौदा चौकटी होत्या. बायको निवृत्त परिचारिका, औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी. तिने चष्मा लावला आणि कोणत्या चौकटीने काय होतं ते वाचायला घेतलं. तोवर याने चौदाच्या चौदा ठिकाणी खुणा करून टाकल्या होत्या. चौदा दिल्यात त्या काय शोभेला, असं त्याचं म्हणणं.

"अहो, 'गायकाची लय धरा' आणि 'तालमीत शिकलेलं कायम ठेवा', दोन्ही ठेवलं तर शिकलेलं वरचढ ठरतं म्हणे. ते दुसरं काढा. ते तुमच्याकडून शिकणार आहे."

"मग शिकू दे की. माझ्याकडून नाही तर कोणाकडून शिकणार?"

"तीच तर काळजी आहे."

टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला.

तीन आठवडे तालीम चालली. दुसऱ्या कडव्यात तो पाणी प्यायला थांबे. तिसऱ्यात स्वयंपाकघरातला मिक्सर सुरू होई आणि तो गाणं सोडून बायकोवर तोंड टाकी. यंत्र सगळं टिपत होतं. शेवटी शेवटी तर याचा हात पेल्याकडे जायच्या आत ते गप्प होई. असा शिष्य मिळायला भाग्य लागतं, असं त्याने साडूला फोन करून ऐकवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मात्र अघटित घडलं. साडूशेजारच्या भीतीने तारसप्तक सोळा वर्षांत प्रथमच बिनचूक गायला.

दुसरं कडवं आलं आणि यंत्र पाणी प्यायला थांबलं. हा एकटाच पुढे निघाला, आणि चार मात्रांनी यंत्र मागून निवांत आलं, घसा ओला करून आल्यासारखं. तिसऱ्या कडव्यात ते मिक्सरपाशी अडलं. बायकोची हजेरी घ्यायला जेवढा वेळ लागे, तेवढा वेळ चिडीचूप. ऐकणारे शपथेवर सांगतात की यंत्राच्या त्या शांततेतसुद्धा चढउतार होते. लोकांना ती जागा इतकी आवडली की तिथेच टाळ्या पडल्या. याने पहिल्या रांगेत बायकोकडे पाहिलं. ती छताचा पंखा न्याहाळत होती.

नंतर त्याने बाईंना गाठलं आणि सगळा दोष यंत्राचा कसा, हे घाम पुसत समजावून सांगितलं. मी एकही चूक केली नाही, हे तीनदा.

"तेच लक्षात आलं माझ्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे तुम्हाला नीट गाता येतं. सोळा वर्षं येत होतं आणि तुम्ही गायला नाहीत."

तारसप्तकाने लॅपटॉप मिटला, चौदाही खुणांसकट.

पुढच्या तालमीला बाईंच्या हुकमाने तो मागच्या रांगेत आला, तेव्हा साडू शेजारची खुर्ची रुमालाने पुसत होता. एवढ्या निगुतीने त्याने आयुष्यात दुसरं काही केल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.